आवाज फुटला पाहिजे

(मंडळाच्या महिला विभागाने घेतलेल्या स्वसंरक्षण शिबिराच्या समारोपात केलेले भाषण)



बडोद्यात व्यायामाविषयी बोलायचे म्हणजे जरा भीतीच वाटते. जुम्मादादांचे व्यायाम मंदिर आपल्या गावात, त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव आपल्या गावातले, आणि व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले तेही इथूनच. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा लाठी, लेझीम, मलखांब शिकलेले. आमच्या आज्या मात्र बहुतेक घरांत प्रेक्षकांतच राहिल्या. हे शिबिर सुरू करण्यामागे ती एक खंत होती. पण खरी कारणे दोन होती.

पहिले कारण आपल्या मंडळातल्या एका वहिनींचे. देवळातून परतताना मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांची पर्स ओढली. वहिनींनी ती सोडली नाही. त्या फरफटत गेल्या आणि खुबा मोडला. पर्समध्ये होते तीनशे रुपये, चष्मा आणि किल्ल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सोडायची असते हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं गं."

दुसरे कारण आम्हाला आजही टोचते. या प्रसंगानंतर सभागृहात आम्ही दहा-बारा जणी बसलो होतो. कॉलेजात जाणारी एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग बसमध्ये झालेला एक त्रास तिने सांगितला आणि म्हणाली, "मला हलताच आलं नाही." त्यावर कुणीतरी पटकन विचारले, "मग तू ओरडली का नाहीस?" मुलगी उठून गेली. तो प्रश्न विचारणारी बाहेरची नव्हती, आमच्यातलीच होती. आणि खरे सांगायचे तर तो आम्हा सगळ्यांच्याच ओठांवर होता. तिच्या परवानगीने हे आज इथे सांगतो आहोत.

शिबिरात आम्ही पहिली गोष्ट शिकलो ती हीच. घाबरल्यावर माणूस झुंजतो किंवा पळतो, तसाच तो थिजतोही. ही शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. तो भित्रेपणा नव्हे, आणि संमती तर मुळीच नव्हे. थिजणे कमी करायचा एक उपाय म्हणजे आधी केलेला सराव. म्हणून पहिले तीन दिवस आम्ही एकही ठोसा मारला नाही. फक्त ओरडलो! हसू नका, फार अवघड होते ते. "हळू बोल, हळू हस" ऐकत वाढलेल्या आम्हा बायकांच्या गळ्यातून पहिल्या दिवशी नीट आवाजच फुटला नाही. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत सोडायचा, पाय खांद्याइतके रुंद, हात छातीसमोर, तळवे पुढे, आणि पोटातून आवाज: "दूर रहो!" इथे मराठीत ओरडून भागत नाही. आजूबाजूच्यांना कळेल असे हिंदी-गुजरातीत ओरडायचे. "मैं इसे नहीं जानती" हेही सांगायचे, नाहीतर लोक घरगुती भांडण समजून बाजूने निघून जातात. आणि "कुणीतरी मदत करा" म्हणण्यापेक्षा एकाला नेमके सांगायचे: "निळ्या शर्टवाले काका, ११२ ला फोन लावा." नेमके सांगितले की माणूस हलतो.

दुसरी शिकवण अंतराची. अनोळखी माणसाशी बोलताना दोन हात अंतर ठेवायचे. पत्ता विचारायला गाडी थांबली तर खिडकीजवळ जायचे नाही. रस्त्याने जाताना एक कान तरी मोकळा ठेवायचा.

हाताचे डाव आम्ही मोजकेच शिकलो. मनगट धरले तर पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात ती फट शोधायची आणि त्या बाजूला हात झटक्याने फिरवून सोडवायचा. अगदीच वेळ आली तर तळहाताच्या टाचेने नाकावर, गुडघ्याने मांडीच्या सांध्यात. आणि लगेच पळायचे. जिंकायचे नाही, निसटायचे. नऊ दिवसांच्या शिबिराने कुणी पैलवान होत नाही. तसा भ्रम झाला तर शिबिर न केलेले बरे. पर्स, साखळी, मोबाइल मागितला तर द्यावा. वस्तू परत घेता येते, खुबा पूर्वीसारखा होत नाही.

कायद्याची भीतीही बऱ्याच जणींना असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. मात्र बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा नाही. पळणाऱ्याला गाठून मारणे हा बचाव नव्हे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आपली हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही लक्षात असू द्या.

आजी-आजोबांसाठी एक दिवस वेगळा ठेवला होता, कारण त्यांच्यावरचा हल्ला फोनवरून येतो. "तुमच्या नावाचे पार्सल पकडले आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका" असे कुणी म्हणाले तर फोन ठेवून द्यायचा. व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, तत्काळ १९३० ला कळवा. इथेही तत्त्व तेच: श्वास, अंतर, आणि एका माणसाला नेमके सांगणे.

आता पालकांना एक विनंती. मुलगी किंवा मुलगा काही सांगायला आला, तर "तिथे गेलीसच कशाला", "ओरडली का नाहीस" हे प्रश्न घरातून हद्दपार करा. पहिले वाक्य एवढेच असू द्या: "सांगितलंस ते बरं केलंस." आणि मुलांनाही शिबिराला पाठवा. यंदा सात मुलगे आले होते. गर्दीत कुणाचा आवाज ऐकून थांबणारा निळा शर्टवाला उद्या त्यांच्यातलाच असेल.

गणपतीनंतर नवरात्र येते. नऊ रात्री आपल्या लेकी गरब्याला जातील, उशिरा परततील. त्यांनी घरी बसावे असे आम्ही सांगणार नाही. कोण कुणाबरोबर परतणार हे निघण्यापूर्वी ठरवा, फोन चार्ज करा, आणि मनसोक्त खेळा. दर रविवारी सकाळी सभागृहात सराव चालूच राहणार आहे.

ती उठून गेलेली मुलगी दुसऱ्या आठवड्यात परत आली. आम्ही तिची माफी मागितली. शेवटच्या दिवशी लहान मुलींच्या रांगेपुढे उभी राहून तिने ओरडायला शिकवले, तेव्हा सभागृहाच्या काचा हादरल्या. शेजारचे काका धावत बघायला आले. तेही बरेच झाले, आवाज पोहोचतो हे आम्हाला कळले.

गणपती बाप्पा मोरया!