वासराची जागा आधी ठरवा

गाय विकत घ्यायची म्हटली की आपण चार बाजार फिरतो. वेत कितवं, दूध किती, कास कशी, सगळी चौकशी करतो. गोठा बांधताना पत्रा, गव्हाण, पाण्याचा हौद, सगळ्याचा हिशेब होतो. पण वासरू कुठे ठेवणार, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "बांधू की तिकडं कोपऱ्यात!"

हे उत्तर मीही दिलं होतं. १९९८ साली वाळवा तालुक्यातल्या आमच्या मळ्यात सहा संकरित गाईंसाठी गोठा बांधला आणि उरलेला कोपरा वासरांना दिला. गोमूत्राची नाली तिथंच येऊन संपायची. ऊन तिथं कधी पोचायचं नाही. ऐन पावसाळ्यात आमच्या सगळ्यात चांगल्या गाईला कालवड झाली. दहाव्या दिवशी तिला हगवण लागली, मग धाप लागली. डॉक्टर दोनदा येऊन गेले. तेराव्या दिवशी कालवड गेली. गाय पुढे दोन दिवस त्या कोपऱ्याकडे मान वळवून हंबरत होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुढचं वासरू इथं बांधू नका."

असं का, ते समजून घेऊ. मोठ्या गाईच्या पोटात चारा आंबतो आणि त्यातून तिला ऊब मिळते. वासरू दुधावर असतं, त्याला ती ऊब नसते. अंगाखालची जमीन ओली असेल तर ते लवकर गारठतं. शिवाय ते दिवसाचा बराच वेळ बसून असतं, म्हणजे त्याचं नाक जमिनीजवळ. गोमूत्राचा उग्र वायू तिथूनच उठतो. उभ्या माणसाच्या नाकाला तो झोंबत असेल, तर बसलेल्या वासराच्या छातीचं काय होत असेल?

म्हणून गोठ्याची आखणी करताना वासराची जागा पहिल्यांदा ठरवा. जागा उंचवट्यावर हवी. आपल्याकडे पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून येते, ती बाजू बंद ठेवा. पूर्वेची बाजू मोकळी ठेवा, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आत येईल. थंडीत रात्री गोणपाटाचा पडदा सोडा, पण वरून हवा खेळती राहू द्या. पहिले दोन महिने प्रत्येक वासराला ४ बाय ६ फुटांचा स्वतंत्र कप्पा द्या. जमिनीला ४ फुटांना १ इंच उतार द्या आणि वर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा जाड पसरा. तो कोरडा आहे की नाही, हे पाहायची युक्ती सोपी आहे. त्यावर गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. धोतर किंवा पँट ओली झाली, तर पेंढा बदला.

कप्पे वेगळे का, असं बरेच जण विचारतात. दूध पिऊन झाल्यावर वासरं एकमेकांची बेंबी, कान चोखतात. एकाची हगवण सगळ्यांना लागते. दोन महिन्यांनंतर बरोबरीच्या वयाची चार-पाच वासरं एकत्र सोडा. लहान आणि मोठी मिसळू नका, नाहीतर मोठी खातात आणि लहान उपाशी राहतात. रोजचं काम लहान वासरांपासून सुरू करून मोठ्या जनावरांकडे जा. २०२२ मध्ये लंपीची साथ आली, तेव्हा लहान वासरांचे फार हाल झाले. माशा, डास, गोचीड हा रोग पसरवतात. म्हणून शेणाचा उकिरडा वासरांपासून लांब हवा.

एक गोष्ट मात्र जागा कितीही चांगली असली तरी भरून निघत नाही, ती म्हणजे चीक. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक मिळायला हवा, आणि त्यातला बराचसा पहिल्या दोन तासांत. खरवसाची घाई करू नका. आधी वासरू, मग शेजारीपाजारी.

आमचे नवे कप्पे बांबू, जुने पत्रे आणि मुरूम एवढ्यावर उभे राहिले. त्यांत वाढलेल्या पहिल्या कालवडीनं पुढे आमच्याच गोठ्यात सात वेतं दिली. नव्या गोठ्याची जागा पाहायला जाल, तेव्हा सुतळी आणि चुना बरोबर घ्या. पहिली रेघ वासराच्या कप्प्याची मारा.