भुंगेऱ्यांची भावकी



मृगाचा पाऊस पडला की दिव्याभोवती भुंगेरे जमतात. काळा-तपकिरी दिसला की हुमणीचाच समजून आपण चिरडतो, आणि जमिनीत विषारी दाणे टाकतो. फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे, पण दाण्यांची सवय सुटलेली नाही. त्यात सुक्याबरोबर ओलेही जळते. म्हणून आज आम्ही भुंगेऱ्यांची भावकी सांगतो.

पत्त्यात जिल्हा, तालुका, गाव, घर येते, तसाच किड्याचाही पत्ता असतो. प्राणिसृष्टीत सांधेवाल्या पायांचा मोठा संघ आहे. विंचू, गोम, खेकडा त्यातलेच. त्यांत सहा पायांचे ते कीटक. कीटकांत पुढचे पंख ढालीसारखे टणक झाले ते ढालपंखी, म्हणजे भुंगेरे. त्यांच्या साडेतीन लाखांवर जाती आहेत. इथे भावकी फुटते. हुमणी, धान्यातले सोंडे आणि मावा खाणारा ढालकिडा एका उपगणात. मित्र-शत्रू एकाच वाड्यात! जमिनीवर पळणारा भूभुंगेरा दुसऱ्या उपगणात. विहिरीत बुड्या मारणारा काळा भुंगेरा त्याचा चुलता. तेव्हा नुसता गण पाहून भागत नाही, कुळापर्यंत जावे लागते.

कुळांच्याही वाटण्या होतात. 1 मे 1999 रोजी आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तसे वाघभुंगेऱ्यांचे वेगळे कुळ काही शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये पुन्हा मांडले.

भूभुंगेऱ्यांच्या कुळात सुमारे 40 हजार जाती. बहुतेक शिकारी, तेही रात्रीचे. कपाशीतली हिरवी बोंडअळी आणि ज्वारीतली, 2018 मध्ये देशात आलेली नवी लष्करी अळी, दोघीही कोषात जायला मातीत उतरतात. तिथे हा गडी टपलेला असतो.

ओळख सोपी आहे. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशांच्या टोकाला पानांची जुडी असते, चाल सुस्त. भूभुंगेऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या, पाय लांब, जबडे पुढे, आणि तो धूम पळतो. हुमणीची अळी पांढरी, वाकडी, मुळाशी पडून असते. याची अळी लांबट आणि पळणारी. पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा काळा दिसला तर हात लावू नका. तो आम्लाची पिचकारी मारतो, डोळ्यांत गेली तर भाजते.

पुढच्या बैठकीआधी बांधालगत एक डबा तोंड जमिनीबरोबर ठेवून रात्रभर पुरा. सकाळी त्यात काय पडले ते मोजा आणि डबा घेऊन या. दाण्यांचे बोलणे त्यानंतर करू.