हाली रुपया आटवण्यापूर्वी

श्रोते हो, आपल्या परभणी जिल्ह्यातल्या जुन्या घरांत देवघराचा डबा उघडला, की एखादे वेळी चारमिनारचे चित्र असलेला चांदीचा रुपया हाती लागतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. हा त्या राज्याचा हाली शिक्क्याचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा त्या वेळचा हिशेब. मोडीत घालाल तर तोळाभरही भरायचा नाही, आणि त्यातली सगळी चांदीही नव्हे. तेव्हा सोनाराकडे नेण्याआधी तो वाचा तरी.

चारमिनारच्या कमानीत एक अक्षर आहे. 'मीम' असेल तर रुपया मीर महबूब अली खानांचा, 'ऐन' असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानांचा. फारसी आकड्यांत ९२ दिसेल. ते साल नव्हे. गुरुजी, ही बेरीज मुलांना फळ्यावर करून दाखवा : मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. झाले 'मुहम्मद' हे नाव. साल वेगळे असते, तेही हिजरी.

चारमिनारच्या आधीचे रुपये बहुतेक हाताने ठोकलेले. १८५७ च्या उठावापर्यंत त्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे. हुकूम हैदराबादचा आणि नाव दिल्लीचे! फ्रान्सातही हाच प्रकार. नेपोलियन १८०४ मध्ये सम्राट झाला, तरी त्याच्या पाच फ्रँकांच्या चांदीच्या नाण्यावर एकीकडे 'सम्राट नेपोलियन' आणि पाठीमागे 'फ्रेंच प्रजासत्ताक' हे १८०८ पर्यंत सुखाने नांदत होते. आरंभीच्या नाण्यांवर तर क्रांतीच्या पंचांगातले साल : १३, १४. पंचवीस ग्रॅमचे ते नाणे जगभरचे शौकीन जपतात ते याच खुणांसाठी.

आपल्याकडे मात्र सणाला बाई चिंच नि राख घेऊन रुपया लख्ख करते. तेवढे करू नका, अक्षरे झिजतात. माळेसाठी कडी डागलेला रुपया असला तर कडीही उपटू नका. कापडात गुंडाळा, सोबत चिठ्ठी ठेवा : कोणत्या गावचा, कुणाच्या घरचा. नांगराला पुरलेला हंडा लागला तर गोष्ट निराळी. दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरांना द्यावी, असा १८७८ चा कायदा आहे.