उंदीर पडू लागले तेव्हा : सूक्ष्मजीव, रोग आणि विवेक

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा संपादित पाठ)



नाशिकजवळच्या भगूर गावी १८९९ साली प्लेगने एका कुटुंबावर घाला घातला. दामोदरपंत सावरकर त्या साथीत दगावले, त्यांचे बंधूही गेले. धाकटा मुलगा नारायण आणि थोरला गणेश यांनाही प्लेगने गाठले. सुदैवाने दोघेही वाचले. मधले विनायक तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. हे घर पुढे इतिहासात गाजले म्हणून त्याची हकीकत लोकांना ठाऊक आहे. ज्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत अशी कितीतरी घरे त्या काळात महाराष्ट्रात उजाड झाली.

ही साथ १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्रथम ओळखली. पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी याच रोगात देह ठेवला. सरकारने घरझडत्या घेतल्या, माणसांना सक्तीने छावण्यांत हलविले, सामानसुमान जाळले. लोक संतापले, पण प्लेग काही हटला नाही. असे का झाले? कारण शत्रू कोण हे कळले होते, परंतु तो कोणत्या वाटेने घरात शिरतो हे कळले नव्हते.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले की हा जंतू उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो. त्यांचे म्हणणे तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामामुळे त्यावर शिक्कामोर्तब झाले. खेड्यातल्या माणसाला मात्र अनुभवाने एवढे उमगले होते की ‘उंदीर पडू लागले’ की गाव सोडावे आणि माळावर झोपड्या घालून राहावे. शास्त्राला जे नंतर सिद्ध करता आले, त्याची खूणगाठ लोकांनी आधीच बांधली होती.

आता या रोगाची वाट पाहू. पिसू आजारी उंदराचे रक्त पिते. तिच्या अन्नमार्गात जंतू वाढतात आणि तो मार्गच बुजवून टाकतात. उपाशी पिसू पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतू जखमेत सोडते. उंदीर मेला की त्याचे थंडावलेले शरीर सोडून ती उबेच्या शोधात माणसाकडे वळते. माणसाच्या शरीरातील उष्णतेत जंतूभोवती एक आवरण तयार होते; त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. तेथून तो जांघेतील वा काखेतील लसिका ग्रंथीत पोहोचतो, ग्रंथी सुजते, गाठ येते. जुन्या वैद्यांनी म्हणूनच या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले. जंतू फुप्फुसांत उतरले तर रुग्णाच्या खोकल्यातूनच रोग दुसऱ्यास होतो.

प्रवेश, वाढ आणि इजा अशा या तीन पायऱ्या बहुतेक संसर्गजन्य रोगांत दिसतात. पटकीचा जंतू पाण्यावाटे आतड्यात जातो आणि तेथे असे विष सोडतो की शरीरातील पाणी व क्षार भराभर बाहेर पडतात. उंदराच्या मूत्रातील लेप्टोस्पायराचे जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. गोदावरीला पूर येतो, दुतोंड्या मारुती पाण्यात बुडतो, सराफ बाजार व भांडी बाजारात पाणी शिरते. त्या वेळी अनवाणी पायांनी दुकान उपसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. मात्र सगळेच सूक्ष्मजीव रोगकारक नसतात. दुधाचे दही लावणारे आणि आतड्यात राहून पचनास हातभार लावणारे जंतूही सूक्ष्मजीवच आहेत.

डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार या समाजाला नवा नाही. पाणी गाळून घेणे, उकळून पिणे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणे हे आचार जीवदयेसाठी सांगितले गेले. त्यांचा रोगशास्त्राशी कोठे मेळ बसतो आणि कोठे बसत नाही, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. बांगलादेशातील खेड्यांत रिटा कोलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या अनेक घड्या करून त्यातून पाणी गाळावयास शिकविले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतात आणि ते प्राणी कापडात अडकतात, हे त्याचे कारण. परंतु सुटे जंतू कापडाच्या वीणीतून सहज निसटतात. विषमज्वराचा जंतू गाळण्याने अडत नाही. त्यासाठी पाणी उकळावेच लागते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्याला मुंगीही मारवत नाही, त्याने उंदीर आणि पिसवा यांचे काय करावे? उंदीर माजल्यावर विष घालणे आणि उंदीर माजूच न देणे यांत मोठे अंतर आहे. धान्य झाकलेले असावे, उष्टे-खरकटे उघड्यावर पडू नये, गोदामाच्या भिंतीतील बिळे वेळीच बुजवावीत. मग मारण्याची वेळच येत नाही. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्यावर स्वच्छतेची जबाबदारी म्हणूनच इतरांहून अधिक आहे. हयगयीने रोग वाढू देणे हीही हिंसाच होय, कारण त्यात शेजाऱ्याचा जीव जातो.

दुसरी जबाबदारी विश्वासाची आहे. प्लेगची लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मगच इतरांना दिली. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा सुरतेतून लाखो लोक पळाले. वास्तविक तोवर या रोगावर प्रतिजैविके उपलब्ध होती. वेळेवर उपचार घेणारा रुग्ण वाचू शकत होता. आज तीच औषधे अर्धवट घेऊन सोडण्याच्या किंवा मनानेच घेण्याच्या सवयीमुळे अनेक जंतू त्यांना दाद देईनासे झाले आहेत. डॉक्टरांनी दिलेला औषधक्रम पूर्ण करणे हा साधा नियम घराघरांत पाळला गेला पाहिजे.

भगूरच्या त्या घरात १८९९ साली शोक होता आणि उपाय हाती नव्हता. आज उपाय हाती आहे. तो वापरण्याचा विवेक तेवढा जागा राहावा, हीच या मंगल प्रसंगी सदिच्छा.

जय जिनेंद्र.