जुन्या लुगड्याची गोधडी

बहिणींनो, जुनं लुगडं बोहारणीला देण्याआधी जरा थांबा. सुती नऊवारी लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं. ते दुमडून अंथरा. वर चिंध्या सारख्या पसरा. त्यावर दुसरं लुगडं घाला. आधी मोठे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. मग कडेपासून धावदोरा घाला. फेरीवर फेरी घालत मधोमध या. झाली गोधडी!

घरची गोधडी मायेची. पण कोणी विकत मागितली तर? गिऱ्हाईक म्हणेल, "चिंध्या तर फुकटच्या!" चिंध्या फुकट असतील, हात फुकट नाहीत. आता तुम्हांला लिहिता येतं. दोऱ्याचा खर्च लिहा. किती दिवस शिवलं ते लिहा. रोजची मजुरी धरा. बेरीज करा. मगच किंमत सांगा.