क्रियाकाल

(जळगाव येथे रुग्णसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आयुष्यभर शाळेत मराठी शिकविली. आज येथे उभा आहे तो एका रुग्णाचा मुलगा म्हणून. आपण रुग्णांच्या घरी जाता, त्यांना मुंबईची वाट दाखविता, रक्ताची सोय करता. आमच्या घरात त्या काळी आपल्यापैकी कोणी आले असते, तर आज मी जे सांगणार आहे ते कदाचित वेगळे असते.

आमचे गाव धुळे तालुक्यातले. वडील, म्हणजे नाना, कापूस पिकविणारे शेतकरी. तळहातावर तंबाखू-चुना मळायचा आणि गालात धरायचा, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. 2009 सालच्या पोळ्याच्या सुमारास त्यांच्या गालाच्या आतील पांढरा चट्टा चिघळला. धुळ्यात एका दंतवैद्यांनी पाहताक्षणी तुकडा काढून तपासायला सांगितले. अहवाल आला, कर्करोग. डॉक्टर म्हणाले, “जखम लहान आहे. मानेत गाठ नाही. लगेच शस्त्रक्रिया करून घ्या.”

‘लगेच’ हा शब्द आम्ही ऐकला, परंतु मनावर घेतला नाही.

त्या रात्री ओसरीवर सारे गोतावळ्याचे लोक जमले. पितृपक्ष सुरू होता. तो संपू द्या, असे आत्या म्हणाली. जळगावचे मामा म्हणाले, “चाकू लागला की हा आजार अंगभर पसरतो.” हे वाक्य खानदेशात कोणत्याही गावी आपल्याला ऐकायला मिळेल. यामागे एक खरे निरीक्षण आणि त्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष आहे. लोक शस्त्रक्रियेला फार उशिरा जातात. तोपर्यंत रोग आधीच पसरलेला असतो. रुग्ण दगावतो आणि दोष चाकूच्या माथी येतो.

पैशांचाही प्रश्न होता. कापूस अजून घरात यायचा होता. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून, कोणते शेत विकावे लागेल याचा विचार प्रत्येकाच्या मनात आला, बोलले मात्र कोणी नाही. अशा वेळी कोणीतरी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका औषधवाल्याचे नाव काढले. “त्याने कितीतरी बरे केले. कापायचे नाही, जाळायचे नाही, चार महिन्यांत जखम सुकते.” भ्यालेल्या माणसाला याहून गोड काय ऐकायला मिळणार?

आम्ही गेलो. त्याने अहवाल उघडलाही नाही. नाडीवर बोटे ठेवली आणि पुड्या बांधून दिल्या. त्यांत काय आहे, हे सांगितले नाही. दर पंधरवड्याला तीन हजार रुपये. जोडीला नात्यातील प्रत्येकाने आपापला उपाय आणला. गव्हांकुरांचा रस आला, गोमूत्र अर्क आला, हळदीचा लेप आला. नाना सारे काही निमूटपणे घेत होते. दसरा गेला, दिवाळी गेली. तोंड उघडणे कमी होत गेले. औषधवाला म्हणाला, “रोग बाहेर पडतो आहे.” संक्रांतीला तिळगूळ हातात दिला, तर तो नानांच्या दातांतून आत जाईना. त्याच दिवशी माझ्या ताईचा हात त्यांच्या मानेवरील गाठीला लागला.

मग आम्ही मुंबईची गाडी धरली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची मी आजवर केवळ कीर्ती ऐकली होती. 1941 पासून उभी असलेली ही संस्था. तिच्या दारातील गर्दीत मराठीबरोबर हिंदी, बंगाली, कितीतरी भाषा कानी पडतात. ज्यांचे मुंबईत कोणी नाही, त्यांच्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. परक्या शहरात कोणीतरी आपल्याला ‘या’ म्हणते, याचे मोल अशा वेळी कळते.

तेथील डॉक्टरांनी उशीर का केला, असे विचारले नाही. त्यांनी नानांनाच विचारले, “बाबा, तुम्हाला काय वाटते?” मी चमकलो. इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

सप्टेंबरमध्ये जी शस्त्रक्रिया गालापुरती झाली असती, तिच्यात आता जबड्याचा भाग आणि मानेतील गाठी काढाव्या लागल्या. छातीची कातडी गालाला लावली गेली. नंतर सहा आठवडे किरणोपचार झाले. तोंड आतून सोलवटून निघाले, नाकातील नळीतून अन्न द्यावे लागले. शेतही विकावे लागले.

याच काळात आम्हाला जळगावच्या एका वैद्यांचा आधार मिळाला. पदवीधर, ग्रंथ वाचलेले गृहस्थ. त्यांनी आधी टाटाचे सारे कागद वाचले. “तेथील डॉक्टरांना विचारल्याखेरीज माझे काही घेऊ नका,” असे बजावले. मग ज्येष्ठमधाच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या, आहार सुचविला. “याने दाह कमी होईल. कर्करोग याने जाणार नाही,” हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. त्या गुळण्यांनी नानांना खरोखर बरे वाटत असे.

सुमारे दीड वर्षाने रोग उलटला. 2011 च्या कार्तिकात नाना गेले. त्यापूर्वी एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसविले. आपल्या अहिराणीत जे बोलले त्याचा अर्थ असा होता, “भाऊ, मी पहिल्या दिवसापासून कापून घ्यायला तयार होतो. तुम्ही सारे घाबरला होता. तुमच्या समाधानासाठी मी पुड्या घेत राहिलो.”

बंधु-भगिनींनो, आम्ही समजत होतो की आम्ही नानांना वाचवीत आहोत. प्रत्यक्षात ते आम्हाला सांभाळीत होते.

नाना गेल्यानंतर मी त्या वैद्यांना विचारले, “आम्ही प्रथम तुमच्याकडे आलो असतो तर?” ते म्हणाले, “त्याच दिवशी शस्त्रक्रियेला पाठविले असते.” आणि त्यांनी सुश्रुतसंहिता उघडली. अर्बुद काढताना त्याचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा वेगाने वाढते, म्हणून ते निःशेष काढावे, असे सुश्रुत सांगतो. ज्या परंपरेचे नाव घेऊन आम्ही चाकू टाळला, तिच्या आद्य शल्यवैद्याने शस्त्रच हाती घेतले होते!

त्यांनी मला आणखी एक शब्द शिकविला, क्रियाकाल. रोगाच्या सहा अवस्था सुश्रुताने सांगितल्या आहेत. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ति आणि भेद. यांतील प्रत्येक अवस्था ही उपचाराची एक संधी, एक क्रियाकाल. जितकी संधी लवकर साधावी, तितका रोग सोपा. आम्ही जे गमावले, ते पैसे नव्हेत. पुड्यांचे पैसे शेताच्या किमतीपुढे काहीच नव्हते. आम्ही क्रियाकाल गमावला.

चरकाने वैद्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. प्राण राखणारा तो प्राणाभिसर, रोग वाढविणारा तो रोगाभिसर. रोग साध्य आहे, कष्टसाध्य आहे, केवळ आटोक्यात ठेवण्याजोगा आहे की असाध्य आहे, हे पारखल्यावाचून उपचाराला हात घालू नये, अशी त्याची शिकवण आहे. जो प्रत्येकाला ‘बरे करतो’ म्हणतो, तो चरकाच्याच कसोटीवर उतरत नाही. त्याला नाकारणे म्हणजे आयुर्वेदाला नाकारणे नव्हे. उलट, आयुर्वेदाची प्रतिष्ठा राखण्याचा तोच मार्ग आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करण्यास आपल्या देशात 1954 च्या कायद्याने बंदी आहे, हेही गावोगावी सांगितले पाहिजे.

हा प्रश्न केवळ खेड्यातला आहे, असे समजू नका. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कर्करोगमुक्तीचे श्रेय कडुनिंब, हळद आणि आहाराला दिले. देशभर ते पसरले. तिने शस्त्रक्रिया आणि औषधोपचारही घेतले होते, हा भाग मागे पडला. टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी 262 तज्ज्ञांना निवेदन काढून सांगावे लागले की सिद्ध उपचार लांबवू नका. भ्यालेले कान अर्धेच ऐकतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

आज पैशांची अडचण तेव्हाइतकी राहिलेली नाही. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत धुळे होते. 2017 पासून तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. कागदपत्रे जुळविताना मात्र कुटुंब गांगरते. तेथे आपली गरज आहे.

आपल्याकडे माझे मागणे थोडेच आहे. रुग्णाच्या घरी गेलात की त्यांच्या श्रद्धेची टिंगल करू नका. टिंगल झाली की घर दार लावून घेते, आणि औषधवाल्याचे दार उघडे असते. गव्हांकुराचा रस घेत असतील तर डॉक्टरांना सांगून घ्या म्हणावे, पण त्यासाठी एक दिवसही थांबू नका म्हणावे. आणि ओसरीवर सारे बोलत असताना, कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेल्या माणसाकडे वळून एवढेच विचारा, “नाना, तुम्हाला काय वाटते?”

आम्ही ते विचारले नाही. आपण विचारावे, एवढ्यासाठी हे सांगितले.