शेवाळ आलंय? आधी पाणी बघा



वाकड, मोशी, प्राधिकरण, चाकण या पट्ट्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी घरं आता बरीच झाली आहेत. समुद्र घाटाखाली राहिला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये झोआंथस उमलतात. कौतुकाचीच गोष्ट आहे. मला मात्र प्रश्न बहुतेक दोनच येतात: शेवाळ का आलं आणि कोरल का मिटलं. पाठोपाठ तिसरा ठरलेला असतो, कुठलं औषध टाकू?

आज तरी कुठलंच टाकू नका. तुमच्यातले कितीतरी जण कारखान्यात आहेत. लाइनवर जॉब रिजेक्ट झाला की तुम्ही व्हाय-व्हाय करत मुळाशी जाता, मशीनची चार सेटिंग एकदम फिरवत नाही. घरी आल्यावर मात्र एकाच संध्याकाळी निम्मं पाणी बदलायचं, लाइट कमी करायचा, वरून बाटलीतलं काहीतरी ओतायचं, असं चालतं. सकाळी कोरल आणखी मिटलेलं असतं, आणि ते कशानं मिटलं हे शोधायला वाटच उरत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि त्याला आठवडा द्या.

टाकीत बाहेरून रोज दोन गोष्टी जातात: माशांचं खाणं आणि आटलेल्या पाण्याच्या जागी घातलेलं पाणी. खाण्याकडे घरच्या सगळ्यांचं लक्ष असतं, पाण्याकडे कुणाचंच नसतं, आणि आपल्या भागात बहुतेक वेळा गोम तिथेच निघते. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं बरंचसं पाणी पवनेवरच्या रावेत बंधाऱ्यातून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं. नोव्हेंबर २०१९पासून ते दिवसाआड येऊ लागलं. मधल्या दिवशी कित्येक सोसायट्या टँकर घेतात नाहीतर बोअर चालवतात. म्हणजे सोमवारी नळाला एक पाणी असतं आणि मंगळवारी दुसरंच.

“आमच्याकडे आरओ आहे,” असं यावर हमखास उत्तर मिळतं. आहे, पण तो पिण्याच्या पाण्याचा. बऱ्याच घरगुती आरओंमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळणारा टीडीएस कंट्रोलर असतो. काही मॉडेलांमध्ये तांब्याचं कार्ट्रिज असतं. माणसाला त्या तांब्यानं काही होत नाही, पण कोरल, गोगलगाई आणि कोळंबी यांना ते अगदी थोड्या प्रमाणातही विष ठरतं. तुमच्या आरओचं पाणी दीडशे टीडीएसचं आहे असं धरा. दोनशे लिटरच्या टाकीतून उन्हाळ्यात रोज तीन लिटर पाणी सहज उडतं. महिन्याला नव्वद लिटर झालं. त्यातून साधारण साडेतेरा ग्रॅम क्षार टाकीत उतरतात आणि तिथेच राहतात, कारण उडतं ते फक्त पाणी. बोअरच्या पाण्यातलं सिलिकेट आणि नायट्रेटही त्यातच आलं. शेवाळाला आणखी काय हवं?

उपाय भोसरीतच आहे. वायरकट मशीन चालवणाऱ्यांना डीआय रेझिन नवीन नाही. तेच मिश्र रेझिन आरओच्या पुढे जोडायचं आणि पाणी शून्य टीडीएसवर आणायचं. मीटर एक-दोन दाखवू लागला की रेझिन बदलायचं. वायरकटवरून उतरवलेलं जुनं रेझिन मात्र फुकट मिळालं तरी आणू नका. पितळी तारेचं तांबं आणि जस्त त्यात भरलेलं असतं. तसंच शॉपमधला कूलंट तपासायचा रिफ्रॅक्टोमीटर टाकीला लावू नका, त्याची पट्टी ब्रिक्सची असते. मिठाचा वेगळा घ्या, पस्तीस पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या आणि घनता १.०२५च्या आसपास ठेवा. रोजची भर गोड्या पाण्याचीच. मीठ कालवलेलं पाणी फक्त पाणी बदलताना घालायचं.

आता शेवाळाकडे येऊ. सगळ्याला ‘शेवाळ’ म्हणून एकच उपाय करणं हीच मोठी चूक. नवी टाकी पहिल्या दोन-तीन महिन्यांत विटकरी भुकटीनं माखते. ते डायाटम. काच पुसा आणि वाट बघा. पाण्यातलं सिलिकेट संपलं की ते आपोआप जातात. खडकावर गुलाबी-जांभळा कडक थर धरला तर मात्र तो खरवडू नका, ते कोरलाइन शेवाळ टाकी स्थिरावल्याची खूण आहे.

हिरवे केसाळ झुबके आले आणि टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवत असेल, तर किटला दोष देऊ नका. ते फॉस्फेट त्या झुबक्यांनी आधीच पिऊन टाकलेलं असतं. झुबके हातानं उपटून टाकीबाहेर काढा, म्हणजे तेही बाहेर जाईल. गोठवलेलं खाणं वितळवून, त्याचं पाणी गाळून टाकूनच घाला.

वाळूवर लालसर, चादरीसारखा सोलून निघणारा बुळबुळीत थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. नळीनं ओढून घ्या आणि वेव्हमेकरचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा.

चौथा प्रकार फसवा. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, टोकाला बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारी पुन्हा भरगच्च. हे डायनोफ्लॅजेलेट. थोडं बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यूतून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा तारा जमल्या तर डायनोच. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टाकीत हे हमखास फोफावतात. म्हणजे घरात जितका टापटिपीचा माणूस, तितकी ही व्याधी जास्त! इथे पाणी बदलणं थांबवायचं, खाणं थोडं वाढवायचं, नायट्रेट पाचच्या आसपास येऊ द्यायचं आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवायचा, कारण काही डायनोंच्या विषानं गोगलगाई मरतात.

कोरलचंही तसंच, आधी नीट बघायचं. लेदर कोरल मिटलं, वर मेणासारखा पापुद्रा आला, तर ते कात टाकतंय. आठवडाभर हात लावू नका. मशरूम किंवा झोआ देठ लांबवून वर झुकत असतील तर उजेड कमी पडतोय. कोरल पांढरं पडलं पण मांस शाबूत असेल, तर त्याच्या आतली सूक्ष्म शेवाळं निघून गेली आहेत. त्यामागे बहुधा उष्णता असते किंवा अचानक वाढवलेला लाइट. २०२४च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या समुद्रात हेच मोठ्या प्रमाणावर घडल्याचं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं नोंदवलं. आपल्याकडे एप्रिलमध्ये दार बंद करून तुम्ही शिफ्टला गेलात की टाकी तीस अंशांवर जाते. पाण्यावर पंखा लावला तर कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पंखा फारसा उपयोगी पडत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. आणि त्याच खोलीत डासांचा स्प्रे मारू नका. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो.

कायद्याचंही सांगतो, कारण दुकानदार सांगेलच असं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २००१ साली कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ‘एसपीएस’, ‘एलपीएस’ अशा नावांनी विकतात ती ही कठीण प्रवाळंच. ती घरी ठेवणं गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडासुद्धा टाकीच्या सजावटीला चालत नाही, आणि तिथलं सागरी अभयारण्य तर १९८७पासून आहे. सिरॅमिकचा खडक घ्या. घरच्या टाकीला मशरूम, लेदर आणि झोआ पुष्कळ झाले.

झोआवरून शेवटचं आणि सगळ्यात गंभीर. काही झोआंमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. शेवाळ घालवायचं म्हणून असा खडक कधीही उकळू नका, त्यावर कढत पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. ती वाफ घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करा, बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात घालू नका. काम झाल्यावर धाप लागली, तोंड कडू झालं, ताप किंवा थंडी वाजून आली, तर थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द सांगा. कागदावर लिहून नेलात तर उत्तम, कारण खाऱ्या टाकीचा पेशंट त्यांच्याकडे रोज येत नाही.